सॅचेल पेजचं वय

चि. पिल्लूस, अनेक आशीर्वाद.

कॅन्सस सिटीच्या निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियममधला फोटो पोचला. कृष्णवर्णीयांच्या त्या वेगळ्या लीग्जमधला नामांकित पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, सॅचेल पेज; त्याचा ब्राँझचा पुतळा, शेजारी तू, आणि खाली ओळ: 'बेचाळिसाव्या वर्षी पदार्पण! वय हा नुसता आकडा!' आईने तो लगेच सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मला मात्र त्या ओळीशी भांडायचंय, आणि ते फोनवर जमत नाही. फोनवर तू 'हो बाबा' म्हणून मोकळी होतेस.

पदार्पण कसलं? मेजर लीगमधलं, म्हणजे गोऱ्यांच्या सर्वांत वरच्या लीगमधलं, एवढंच. 7 जुलै 1948 ला, वाढदिवसाच्याच दिवशी, क्लीव्हलंड इंडियन्सने त्याच्याशी करार केला, तेव्हा त्याला पिचर म्हणून पोट भरायला लागून बावीस वर्षं झाली होती. 1926 ला चॅटनूगाच्या कृष्णवर्णीय संघातून सुरुवात, मग बर्मिंगहॅम, पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स, पुढे तुझ्या गावचे मोनार्क्स. 4 जुलै 1934 ला त्याने होमस्टेड ग्रेजसारख्या तगड्या संघाला एकही हिट, म्हणजे बॅटरला तळ गाठून देणारा फटका, दिला नाही आणि 17 जणांना स्ट्राइक आउट, म्हणजे चेंडू चुकवत बाद, केलं. तेव्हा तो 27 वर्षांचा होता. मेजर लीगच्या वहीत त्या दिवसाची नोंद नव्हती, कारण काळ्या खेळाडूला घ्यायचं नाही हे गोऱ्या मालकांनी आपसांत ठरवलेलं होतं. साठेक वर्षं ते कुणी मोडलं नाही.

जन्म अलाबामातल्या मोबील शहरातला. लहानपणी स्टेशनवर लोकांच्या बॅगा वाहायचा, त्यावरूनच सॅचेल, म्हणजे थैली, हे नाव पडलं. बाराव्या वर्षी किरकोळ चोरीसाठी त्याला माउंट मेग्जच्या सुधारशाळेत पाठवलं. पाच वर्षं तिथे गेली, आणि पाय आभाळात उंच उचलून चेंडू फेकण्याची त्याची ती शैली तिथेच घडली. एवढ्याशा चोरीला पाच वर्षं! गोऱ्या घरातल्या पोराला तेव्हा कान पिळून सोडलं असतं, असं आपलं मला वाटतं.

मला खरा राग येतो तो पुढच्या भागाचा. त्या काळी मोसम संपला की मेजर लीगचे नामांकित खेळाडू गावोगाव हिंडून कृष्णवर्णीय संघांशी पैशांचे सामने खेळायचे. पेज 1934 मध्ये डिझी डीनच्या संघाविरुद्ध खेळला, 1946 मध्ये बॉब फेलरच्या संघाविरुद्ध. नावाजलेला बॅटर जो डिमॅजिओ तर म्हणायचा की आपण ज्यांच्यासमोर बॅट धरली त्यांत पेज सर्वांत भारी. म्हणजे त्याची योग्यता ठाऊकच नव्हती, असं म्हणायची सोय कुणालाही नाही. तो केवढा आहे ते पाहून, त्याच्यासोबत तिकिटाचे पैसे कमावून ही मंडळी आपापल्या लीगमध्ये परत जायची. पेजच्या सोबत्यांना मात्र सामना झाला की त्याच गावात जेवायला हॉटेल मिळायचं नाही. बसमध्येच खायचं, बसमध्येच झोपायचं.

तू म्हणशील, आपण कुठे वेगळे होतो? नव्हतोच. आपल्या पुण्यात दलित गोलंदाज पळवणकर बाळूंच्या फिरकीवर सामने जिंकायचे आणि चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या भांड्यात चहा द्यायचा, हे आपल्याच लोकांनी केलं. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही त्यांना कधी कर्णधार केलं नाही. त्यावर एकदा वेगळं लिहीन.

1938 ला मेक्सिकोत पेजचा खांदा गेला. हात वर होईना. ज्यांनी त्याच्या नावावर गल्ले भरले होते त्यांनी पाठ फिरवली. मोनार्क्सचा मालक जे. एल. विल्किन्सन याने तेवढं त्याला ठेवून घेतलं, तेही मुख्य संघात नाही, खेडोपाडी फिरणाऱ्या दुय्यम चमूत. नाव वाचून लोक यायचे आणि हा हळूहळू, कसेबसे चेंडू टाकायचा. काही महिन्यांनी हात परत आला. नुसत्या वेगावर भागणार नाही हे तोवर त्याला कळलेलं असावं. पाय टेकवून हात क्षणभर मागेच रोखायचा आणि मग चेंडू सोडायचा, ही त्याची युक्ती बघ. बॅटर आधीच बॅट फिरवून मोकळा! पुढे मेजर लीगमध्ये तो चेंडू बेकायदा ठरवला गेला.

1945 मध्ये मोनार्क्सकडून एक 26 वर्षांचा पोरगा खेळत होता, जॅकी रॉबिन्सन. शिकलेला, सैन्यात अधिकारी राहिलेला. ब्रुकलिन डॉजर्सने त्याला निवडलं आणि 15 एप्रिल 1947 ला मेजर लीगची भिंत पडली. पहिला मान आपला होता, हे पेजला लागलं आणि त्याने ते लपवलंही नाही. मला त्यात कोतेपणा दिसत नाही. रॉबिन्सनची निवड योग्य होती आणि पेजचं दुःखही खरं होतं.

क्लीव्हलंडने त्याला घेतलं तेव्हा 'द स्पोर्टिंग न्यूज'च्या संपादकाने हा म्हातारा आणून चालवलेला तमाशा आहे अशी टीका केली. मग 3 ऑगस्टला त्याचा सामना पाहायला 72,434 लोक आले. 20 ऑगस्टला 78,382 आले आणि त्यांच्यासमोर त्याने शिकागोला एकही धाव दिली नाही. मोसमात सहा विजय, एक हार. क्लीव्हलंडने त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकली.

वयाचं कोडं त्याने स्वतःच वाढवलं. जन्मतारीख लिहिलेलं बायबल बोकडाने खाल्लं, असं सांगायचा. लोक हसायचे. 25 सप्टेंबर 1965 ला, 59 व्या वर्षी, कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सच्या मालकाने त्याला मैदानाकडेला झुलत्या खुर्चीत बसवलं, शेजारी नर्स उभी केली. मला तो प्रकार आवडत नाही. पण तो उठला, तीन डाव टाकले आणि बोस्टनला एकच हिट दिला. तीनच वर्षांनी पेन्शनसाठी त्याचे दिवस कमी पडत होते, म्हणून अटलांटा ब्रेव्हजने त्याला नोकरीवर घेतलं. बावीस वर्षं दाराबाहेर ठेवलं, त्याचाच तो हिशेब. 1971 ला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानकऱ्यांत, घेतानाही आधी निग्रो लीग्जच्या खेळाडूंसाठी वेगळ्या दालनाची भाषा होती. ओरड झाली, तेव्हा कुठे ती मागे घेतली.

आणि हे सगळं त्याला मिळालं ते तो तोवर जगला म्हणून. त्याच्याच तोडीचा कृष्णवर्णीय बॅटर जोश गिब्सन 20 जानेवारी 1947 ला गेला, वय 35. रॉबिन्सन मैदानात उतरायला तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते. 2024 मध्ये मेजर लीगने निग्रो लीग्जचे आकडे आपल्या वहीत घेतले आणि फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन सगळ्यांच्या वर गेला. हे त्याला कोण सांगणार? म्हणून म्हणतो, ती ओळ काढून टाक. आईला मी समजावतो.

तुमच्याकडे पासेओ वायएमसीएची इमारत आहे, 1920 मध्ये रूब फॉस्टरने निग्रो नॅशनल लीगची स्थापना तिथेच केली. म्युझियमपासून लांब नाही, सवड काढून बघून ये. मेतकूट आणि भाजणी पार्सलने निघाली आहे, पोचली की कळव.

तुझा,
बाबा