शौर्य स्वाराचे की घोड्याचे?

संपादक महोदय,

अडथळ्यांच्या शर्यतीचे समर्थक घोड्याच्या शौर्याचा दाखला देतात, त्याबद्दल दोन शब्द. लिव्हरपूलच्या ग्रँड नॅशनल या अशाच शर्यतीत सुमारे सात किलोमीटर धावताना घोड्याला तीस उड्या घ्याव्या लागतात. आयोजकांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१३ मध्ये अडथळ्यांच्या गाभ्यातील लाकडाऐवजी लवचीक प्लास्टिक आले आणि २०२४ पासून घोड्यांची संख्या चाळीसवरून चौतीस झाली. परंतु उडीनंतर साधारण पाचशे किलोचा भार क्षणभर पुढच्या एकाच पायावर येतो, ही शरीररचना नियमांनी बदलत नाही. तो पाय मोडला तर घोडा माणसासारखा महिनोन्महिने पडून राहू शकत नाही, उरलेल्या पायांचे खूरही भाराने निकामी होऊ लागतात, आणि म्हणूनच बहुधा त्याला मारावे लागते.

शिंद्यांच्या घोडदळाच्या आठवणी सांगणाऱ्या आमच्या ग्वाल्हेरात घोड्याचे कौतुक नवे नाही. इथल्या लष्कर भागात आमच्या दारावरून वराती जातात. गेल्या लग्नसराईत बँडच्या पहिल्याच ठोक्याला घोडीचे कान मागे चिकटले, डोळ्यांचे पांढरे दिसू लागले, तरी ती पुढे चालत राहिली, कारण लगाम दुसऱ्याच्या हाती होता. वरातीतील मंडळी मात्र तिला 'हिमतीची' म्हणत होती! स्वार धोका समजून-उमजून पत्करतो. घोड्याला तशी निवडच नसते, मग त्याच्या आज्ञाधारकपणाला शौर्य का म्हणावे?

आपला,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर