कंसातली बारा वचनं

चि. बाळ,

तू गेल्याला आज नववा दिवस. आईशी फोनवर बोलतोस ते आतल्या खोलीत ऐकू येतं. भांडण उकरायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

त्या रात्री मी बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय वाचत होतो आणि तू म्हणालास, "बाबा, ही गोष्ट मूळ योहानात नव्हतीच." मी तुला उठून जायला सांगितलं, तेही ताईच्या मुलांसमोर. चुकलंच माझं.

तू गेल्यावर आजीचं बायबल काढलं. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची ती बारा वचनं, ज्यात येशू म्हणतो की निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा, त्यात कंसात आहेत, खाली बारीक टीप. चाळीस वर्षं तो कंस समोर होता आणि मला दिसला नाही. बायबलच्या चौथ्या शतकातल्या सिनाय हस्तलिखितात ती वचनं नाहीत, हे तुझं खरंच आहे. पण काका परत आला तेव्हा आजीने दारात उभं राहून हीच गोष्ट सगळ्यांना ऐकवली होती आणि मग त्याला घरात घेतलं होतं. तेव्हा तू पाळण्यात होतास.

येमेनमधल्या सना शहरातल्या मशिदीत १९७२ साली सापडलेल्या कुराणाच्या पानांबद्दलही वाचलं, वरच्या मजकुराखाली पुसलेला, थोडा वेगळा मजकूर आहे ती. पण १९४७ साली मृत समुद्राजवळच्या गुहेत सापडलेली, बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी तोवरच्या हिब्रू प्रतींहून हजारेक वर्षांनी जुनी निघाली, आणि तरी बराचसा मजकूर तोच, हे का नाही सांगितलंस? बघ, पुन्हा वाद घालायला लागलो. माफ कर.

मला काळजी प्रतींची नाही. पुस्तक हातातून सुटलं, तर चूक करताना तुला अडवणार कोण?

बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातलं ते हट्टी मुलाचं वचन तू काढलंस, गावाने त्याला दगडमार करावा म्हणणारं. "हेही मानायचं?" मला उत्तर सुचलं नाही. आता कळलं की तालमूद या यहुदी ग्रंथातल्या रब्बींनाही, म्हणजे धर्मपंडितांनाही, ते झोपू देत नसावं. त्यांनी अटी घालत नेल्या. आईबापांचा आवाज, रूप, उंचीसुद्धा सारखी हवी, इथवर. त्यांच्यातल्या एका मताप्रमाणे असा मुलगा कधी झाला नाही, होणारही नाही. अक्षर एकही खोडलं नाही त्यांनी. वाचून मला तुझी आठवण आली, का ते सांगत नाही.

तुझ्या मित्राच्या अब्बांशी बोललो. त्यांनी पैगंबरांचे साथी वाबिसा यांची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सांगितली: लोकांनी कितीही फतवे दिले तरी आपल्या मनाला विचार, जे खुपतं ते पाप. बायबलात प्रेषित पौलही रोमकरांस पत्रात लिहितो की ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणात ते लिहिलेलं आहे. पटतं मला. पण मन सरावतं रे. आज खुपतं ते उद्या खुपत नाही. मग अडवणार कोण?

आठ वर्षांचा असताना मध्यरात्री तू मला हलवून उठवलंस. हात गार पडले होते तुझे. "काच मी फोडली," म्हणालास. मार शेजारच्या मुलाने खाल्ला होता आणि तुझ्यावर कुणाला संशयही नव्हता. तेव्हा तुला धड एक वचन पाठ नव्हतं. चप्पल न घालता आपण दोघं त्यांच्या दाराशी गेलो. त्या रात्रीइतका अभिमान मला तुझ्या कुठल्याच निकालाने वाटला नाही.

अजून उठतोस का रे तसा? एवढंच विचारायचं होतं, आणि बघ, किती वेळा विचारलं.

बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात अब्राहाम मुलाला बळी द्यायला डोंगरावर नेतो, पण कशासाठी ते सांगत नाही. कुराणात तोच बाप बळीचं स्वप्न सांगतो आणि मुलाला विचारतो, तुला काय वाटतं? हे मला या आठवड्यात कळलं. मी तुला त्या रात्री विचारलं नव्हतं.

ती बारा वचनं मुलांना रविवारी वाचून दाखवू का? आणि तो कंस त्यांना कसा समजावू? आईला नको, मला फोन कर.

तुझे बाबा