कोपऱ्यातला ‘आर’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांतून आलेल्या मुलांची सरकारने वेगळी परीक्षा घ्यावी, असं कालच्या अग्रलेखात आपण सुचवलंत. वा! सरकारने शाळांना मुलामागे वर्षाला 17,670 रुपये मोजायचे (शाळांच्या हाती कधी पडतात ते शाळांनाच विचारा), तर हिशेब नको का? हवा की. मी 31 वर्षं जिल्हा परिषद शाळेत शिकवलं आहे, परीक्षेचं मला वावडं नाही.

आमच्या इमारतीखाली इस्त्री करणाऱ्याचा मुलगा आरटीईतून चौथीत आहे. संध्याकाळी वह्या घेऊन वर येतो. परवा चाचणीचा पेपर घेऊन आला. कोपऱ्यात लाल पेनाने ‘आर’. म्हटलं, हे काय रे? “गुरुजी, आम्ही आरटीईवाले ना. आमचे पेपर वेगळे ठेवतात.” शेवटचं पान उलटलं. 648 भागिले 6. मधला शून्य भल्याभल्यांचा सुटतो, पोरं 18 लिहून मोकळी होतात. याने 108 लिहिलं होतं. त्यावर ना बरोबरची खूण, ना चुकीची. पानच तपासलेलं नाही! आणि प्रगतिपत्रकात गणिताला ‘क’. बाप विचारायला गेला, त्याला फाटकावरूनच परत पाठवलं. आता याच पोरांना आणखी एका परीक्षेला बसवा म्हणता?

सरकारची नियतकालिक मूल्यांकन चाचणी होते ती सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत. विनाअनुदानित शाळांना ती नाही. तीच तिथे न्या ना! पण अख्ख्या वर्गाला द्या, पंचवीस आणि पंचाहत्तर एकाच बाकावर बसवून, आणि पेपर बाहेरच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. मग कळेल नापास कोण ते. प्रवेशाच्या वेळी मुलाची चाचणी घेतली तर कायद्यात पहिल्याच वेळी 25 हजारांपर्यंत दंड आहे. पेपरच्या कोपऱ्यात ‘आर’ लिहिण्याला किती, तेही अग्रलेखात आलं असतं तर बरं झालं असतं.

जाता जाता एक. माझ्या मागच्या पत्रात शाळेचा पट 20 लिहिला होता, आपण 2 छापलात. दोन पोरांवर पगार खाल्ला म्हणून गावात अजून हसतात. या वेळी 108 मधला शून्य तेवढा सांभाळा.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, सातारा