चार हुतात्म्यांचा खटला सोलापूरकरांना वाचू द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

दरवर्षी १२ जानेवारीला सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घातले जातात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली, हे इथले शाळकरी पोरही सांगेल. फाशी नेमकी कोणत्या आरोपावरून झाली, असे विचारले की मात्र व्यासपीठावरील वक्तेही ‘इंग्रजांचा जुलूम’ यापलीकडे फारसे जात नाहीत.

आरोप पोलिसांच्या खुनाचा होता. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि गिरणी कामगारांचे हे शहर खवळून उठले. ८ मे रोजी पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, त्यानंतर मंगळवार पेठेच्या चौकीवर झालेल्या हल्ल्यात पोलीस मारले गेले आणि कोर्टाची इमारत जाळली गेली. १२ मे रोजी शहरात मार्शल लॉ पुकारण्यात आला. ‘गझनफर’ या पत्राचे तरुण संपादक कुर्बान हुसेन यांच्यासह चळवळीतले हे चार कार्यकर्ते खुनाचे आरोपी ठरले; त्यांना हेतुपुरस्सर गोवण्यात आले, ही सोलापूरकरांची तेव्हापासूनची ठाम धारणा आहे.

ती माझीही आहे. पण धारणा वेगळी आणि पुरावा वेगळा. साक्षीदारांनी काय सांगितले, उलटतपासणीत काय निघाले, न्यायाधीशांनी कशावर विश्वास ठेवला, हे वाचल्याशिवाय हा खटला आम्हाला कळला असे कसे म्हणावे?

मुंबईचे पुराभिलेख संचालनालय आपल्याच खात्याकडे आहे. मार्शल लॉचे हुकूम, खटल्यातील साक्षी, निकालपत्र आणि दयेचे अर्ज यांपैकी सरकारी दप्तरात जे जे असेल, ते शोधून त्याच्या प्रती सोलापुरात कायमस्वरूपी, सामान्य माणसाला हात लावून वाचता येतील अशा ठेवाव्यात, ही माझी विनंती आहे. पुतळ्यांपाशी घटनाक्रमाचा फलकही लावावा आणि तो मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दूतही असावा, कारण सोलापूर या चारही भाषांत बोलते. हुतात्मा एक्सप्रेसने उतरणाऱ्या पाहुण्याला निदान गाडीचे नाव कोणावरून पडले, ते तरी कळेल.

यासाठी नवी वास्तू नको, भूमिपूजन तर नकोच. दप्तर चाळायला एक जाणकार अधिकारी नेमावा आणि येत्या १२ जानेवारीपूर्वी त्याचा आदेश निघावा.

आपला विश्वासू,
एक सोलापूरकर