पाळी पुढे ढकलण्याची गोळी आणि बारा तासांची एसटी

महोदय,

गौरी-गणपती जवळ आले की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचा खप वाढतो. नॉरएथिस्टेरॉन हे त्यातले नेहमीचे औषध कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. प्रत्यक्षात ‘त्या गोळ्या द्या’ एवढे म्हटले तरी पुरते.

५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, तारखेच्या तीन दिवस आधीपासून घेतात. ‘यात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक नाही, मग पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी कशाने होणार?’ हा समज अर्धवट आहे. या डोसला औषधाचा थोडा अंश शरीरातच एथिनिल इस्ट्राडायोल बनतो. गर्भनिरोधक गोळ्यांतले इस्ट्रोजेन ते हेच. त्याने यकृत रक्त साकळवणारे घटक जास्त तयार करते.

त्यावर कोकणचा प्रवास. पायातले रक्त वर चढते ते पोटरीचे स्नायू आवळले-सैलावले की. गुडघे मुडपून तासन्‌तास बसले, सीटची कड मांडीखाली रुतली, की ते खोल शिरांत रेंगाळते. चार तासांहून लांबच्या प्रवासात गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. धडधाकट बाईला तो मुळातच फार कमी, तेव्हा घाबरून जाऊ नये. मात्र स्वतःला, आईवडिलांना किंवा भावंडांना पूर्वी गुठळी झालेली असेल, वजन बरेच जास्त असेल, बाळंतपणाला सहा आठवडे झाले नसतील, नुकतेच ऑपरेशन झाले असेल, पायाला प्लास्टर असेल किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. अशांसाठी डॉक्टर दुसऱ्या औषधाचा विचार करतात, कधी गोळी नकोच म्हणतात.

गाडीत दर अर्ध्या तासाने टाचा टेकवून पंजे वर, मग पंजे टेकवून टाचा वर, असे वीस-तीस वेळा करावे. पायाशी सामान ठेवू नये. गाडी थांबेल तिथे उतरून पाच मिनिटे चालावे. वाटेत धड स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसल्याने बायका पाणी पीत नाहीत आणि थांब्यावर उतरतही नाहीत, ही लाज महामार्ग बांधणाऱ्यांची. धोका टळावा म्हणून ॲस्पिरिन घेऊ नये.

प्रवासाने सुजतात ते दोन्ही पाय, आणि रात्रीतून उतरतात. एकच पाय सुजला, पोटरी ठणकते, कातडी गरम किंवा लालसर झाली, तर शंका घ्यावी. गुठळी प्रवासानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकते. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. ३ सेंमीहून जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. फरक कमी असला तरी दुखणे राहिले तर जावेच. कलर डॉप्लर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, केले की बहुधा उलगडा होतो. ‘लचकला असेल’ म्हणून तेल लावून पाय चोळणे सगळ्यात वाईट. गुठळीचा तुकडा सुटला तर तो थेट फुप्फुसात जातो. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा चक्कर येऊन पडायला झाले, तर १०८ ला फोन करावा.

औषधविक्रेत्यांनी चिठ्ठी तर मागावीच, शिवाय तीन प्रश्न विचारावेत: घरात कुणाला गुठळी झाली होती का, बाळंतपण किंवा ऑपरेशन नुकते झाले आहे का, आणि गावाला कशाने जाणार?

– एक स्त्रीरोगतज्ज्ञ, चिपळूण