ताजिकिस्तानात खोरोगला थांबलेल्या लेकीस

चि. छकुलीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. आईला वाचून दाखवला. तिने मधेच थांबवून एवढंच विचारलं, ‘खाली उतरली ना पोरगी?’ उतरली म्हटल्यावर ती चुलीकडे गेली आणि बाकीचा मी एकट्याने वाचला. फोनवर तुझा आवाज तुटत होता, म्हणून कागदावर लिहितो आहे. दादा फोटो काढून पाठवेल. नेटवर्क धरलं की सावकाश वाच.

आधी तब्येतीचं. पामीरच्या डोंगररस्त्यावर जेलाँदीला डोकं ठणकायला लागलं, वर घाटाकडे गेल्यावर उलटी झाली आणि तू सायकल फिरवून परत खोरोगला उतरलीस, हे फार शहाणपणाचं केलंस. खोरोग २१०० मीटरच्या आसपास, जेलाँदी ३५०० च्या, आणि कोइतेझेकचा घाट ४२७१ मीटर. आपलं गाव तीनशे मीटरही भरत नाही. लहानपणी तुला चिखलदऱ्याला नेलं तेव्हा ‘बाबा, आपण ढगात आलो’ म्हणाली होतीस. ते अख्खं चिखलदरा अकराशे मीटरच्या आतबाहेर आहे. वावरात वाढलेल्या शरीराला या उंचीची ओळख व्हायला वेळ लागणारच.

तालुक्याच्या डॉक्टरांना मुद्दाम जाऊन विचारलं. ते म्हणाले, तीन हजार मीटरच्या वर गेलं की आज झोपलो त्यापेक्षा उद्याची झोपायची जागा पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नको, आणि तीनचार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच मुक्काम करायचा. डोकं दुखतं आहे तोवर वर सरकायचं नाही. चालताना झोक जायला लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा ओला खोकला सुरू झाला, तर रात्र असो की पाऊस, लगेच खाली उतरायचं, सकाळची वाट पाहायची नाही. मी म्हटलं, पोरगी धडधाकट आहे, पायात ताकद आहे. तर म्हणाले, त्या दुखण्याला ताकदीशी काही घेणंदेणं नसतं, पैलवानालाही होतं.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती. तू लिहिलंस, ‘बाबा, रेष तुटली. आता पुढे न जाता परतले तर या सगळ्याला काही अर्थ राहत नाही.’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पोरी, सगळा रस्ता सलग सायकलवरच कापायचा ही रेष तुला आखून कोणी दिली? ताश्कंदहून निघालीस, समरकंद पाहिलंस, पंजाकेंतला सीमा ओलांडलीस. दुशान्बेच्या आधी अंझोबचा बोगदा लागला तेव्हा सायकल ट्रकमध्ये टाकलीस. पाच किलोमीटरचा अंधार आणि गाड्यांचा धूर, तिथे सायकल घालायची नाही हे तू आधीच ठरवलं होतंस. ट्रकवाल्या काकांनी खरबूज कापून दिलं, हेही कळवलं होतंस. त्या दिवशी रेष तुटली असं तुझ्या मनात आलं नाही. मग घाटात कशी तुटली? बोगद्याला तू नाही म्हणालीस आणि घाटात तुझं शरीर नाही म्हणालं. मला तरी यात दुसरा फरक दिसत नाही. शरीराचं ऐकणं म्हणजे हार असं तू धरून बसली आहेस, आणि तेच मला खुपतं आहे.

सायकलवर जगाला फेरी मारणारा पहिला माणूस थॉमस स्टीव्हन्स. १८८४ च्या एप्रिलात सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, पुढे मोठं आणि मागे लहान चाक असलेल्या त्या जुन्या सायकलवर. इराणातून अफगाणिस्तानात शिरला तर तिथे त्याला पकडलं आणि परत पाठवलं. मग तो मागे फिरला, बोटीने कराचीला उतरला, लाहोरपासून पुन्हा सायकलवर बसला आणि ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्याला गेला. १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला त्याची फेरी संपली. अफगाणिस्तानचा तुकडा राहिला म्हणून त्याचं नाव कोणी पुसलं नाही. मुंबईचे सहा पारशी तरुण १९२३ च्या ऑक्टोबरात निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे फेरी पुरी करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. बाकीच्या तिघांतला एक तेहरानहून मागे आला, एक अमेरिकेतच राहिला. मला तेहरानहून परतलेल्याबद्दल फार वाटतं. मुंबईहून तेहरानपर्यंत त्या काळात सायकल हाकत जाणं ही काय लहान गोष्ट आहे? आणि तुझी ती पुण्याची वेदांगी कुलकर्णी, जिचा फोटो तू कपाटाला लावला आहेस, २०१८ मध्ये १५९ दिवसांत २९००० किलोमीटर गेली. समुद्र आले तिथे तीही विमानातच बसली. विक्रम करणाऱ्यांचंही असं आहे. तू तर विक्रमाला निघालीच नव्हतीस. ‘मला लोक पाहायचे आहेत’ असं तू ओसरीवर बसून म्हणाली होतीस.

आणि आपल्याच वरोऱ्याचे बाबा आमटे. १९८५ च्या डिसेंबरात भारत जोडो म्हणून कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. बरोबरची पोरंपोरी सायकलवर, आणि बाबा स्वतः पाठीच्या दुखण्यापायी गाडीत आडवे पडून. सत्तरी उलटली होती. आम्ही तेव्हा तरणे होतो, पेपरात रोज शोधून वाचायचो. बाबांची यात्रा खरी नव्हे असं आमच्यापैकी कोणाच्या तोंडून कधी निघालं नाही.

माझी नोकरी डाकेची, सायकलवर गावोगाव जायची, हे तू जन्मापासून पाहिलंस. श्रावणात नाल्याला पूर यायचा आणि रपट्यावरून पाणी वाहायचं. थैलीत निराधारांच्या मनिऑर्डरी असायच्या. पलीकडच्या गावात म्हाताऱ्या सकाळपासून वाट पाहत बसलेल्या असायच्या. रपट्याच्या कडेला एक दगड होता, तो बुडाला की मी सायकल फिरवायचो. पाणी घोट्याएवढंच दिसायचं, पण खालचा प्रवाह चाकाला बाजूला ढकलतो आणि डांबर कुठे उखडलं ते वरून कळत नाही. थैली परत ऑफिसात जमा करायची, वहीत लिहायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. म्हाताऱ्या रागावायच्या, मग पैसे घेताना चहा ठेवायच्या. परत फिरणं हा त्या कामातलाच भाग होता. घरी येऊन कधी तोंड पाडून बसलो नाही.

तुझ्या मनात गावाचाही विचार असणार. बसस्टँडवर तुझ्या फोटोचा बॅनर आहे, सत्काराची बोलणी चालू आहेत. त्याची काळजी मुळीच करू नको. मी काल पारावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं की छकुली घाटातून खाली आली आहे, पुढचं ती ठरवेल. दोघातिघांनी ‘अरेरे’ केलं. तुझ्या शाळेतले पीटीचे सर म्हणाले, ‘उतरली हे बेस केलं.’ बॅनर आहे तिथे राहू दे. पंज नदीच्या काठाने पलीकडचा अफगाणिस्तान पाहत सायकल चालवणारी आपल्या पंचक्रोशीत दुसरी कोण आहे?

मी भीतीपोटी लिहितो आहे असं समजू नको. २०१८ च्या २९ जुलैला तू आहेस त्याच ताजिकिस्तानात, दंगाराजवळ, सायकलवाल्यांच्या अंगावर मुद्दाम गाडी घालून चौघांना मारलं, हे तू निघायच्या आधीच मी वाचलं होतं. ते सारं जाणूनच तुला जा म्हटलं. तुझ्या मावश्यांनी ‘एकटी पोर परमुलखात’ म्हणून किती बोलून दाखवलं, तेव्हाही मी माझ्या शब्दावरून हललो नाही. आजही नाही. तू पुढे गेलीस तरी तुझ्या मागे उभा आहे, परतलीस तरी तसाच.

मला दिसतात ते रस्ते सांगतो, निवड तुझी. घरमालकीण बाई प्रेमाने ठेवून घेते आहे तर अजून काही दिवस खोरोगलाच राहा, अंगात नीट जीव येऊ दे. मग पुन्हा जायचं मन झालं तर वाखान खोऱ्याच्या अंगाने जा. इश्काशिम, मग लंगर, नदीच्या काठाकाठाने रस्ता हळूहळू चढतो, त्यामुळे शरीर सवय लावून घेतं. लंगरच्या पुढे मात्र खारगुशचा घाट ४३४४ मीटर आहे, रस्ता वाळूचा, सायकल ढकलावी लागेल आणि मधे दुकान मिळणार नाही. तेव्हा खाणं जास्तीचं बांध आणि मधे थोड्या थोड्या उंचीवर मुक्काम करत जा. एक मात्र करू नको. जीपमध्ये बसून थेट मुरगाब गाठू नको. मुरगाब ३६०० मीटरला आहे आणि जीप तुला एका दिवसात तोच कोइतेझेक ओलांडून तिथे नेऊन टाकेल. पायांना आराम मिळेल, डोकं पुन्हा तेच धरेल. तिसरा रस्ता म्हणजे जीपने दुशान्बे, तिथून विमान, आणि घर. पामीर कुठे पळून जात नाही. तिथल्या परवान्याचे दिवस किती उरले ते पाहून ठरव, उरलेल्या दिवसांत कोंबायचं म्हणून चढू नको.

मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले असं लिहिलंस. उजव्या बाजूचेच असतील, तिथेच ओढ जास्त. सायकल उलटी करून प्रत्येक स्पोक बोटाने छेडून बघ, ढिला असेल त्याचा आवाज बद्द येतो. नवीन टाकल्यावर चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढताना स्पोकच्या टोकाचं निप्पल एका वेळी पाव फेराच फिरव, आणि एकाच स्पोकवर जोर न देता शेजारचेही थोडे सैल-घट्ट करत जा. मागच्या बॅगांमधलं वजन थोडं पुढे हलव. त्या खडखड्या रस्त्यावर टायरमध्ये हवा जरा कमी ठेव, दणके कमी बसतील.

घरी सगळं ठीक. पऱ्हाटी कमरेएवढी झाली, पाते धरले आहेत, बोंडअळीसाठी फेरोमोनचे सापळे लावले. पोळ्याला जोडी सजवायला तू नाहीस म्हणून दादा कुरकुरतो आहे. आई विचारते, जवसाची चटणी संपली का? संपली असेल तर सांग म्हणते, जशी काही ती लगेच पोचवणार आहे.

ठरलं की फोन कर. तुझं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तासच मागे आहे, पण वेळ पाहू नको, मी फोन उशाशी ठेवतो. कुठला रस्ता धरला, रात्री कुठे थांबणार आणि पुढे नेटवर्क कुठे लागेल, एवढं कळव.

तुझे
बाबा

ता. क. : पंपाचा वॉशर सुकला असेल तर त्याला गोडेतेलाचा थेंब लाव.