बादलच्या नावाचं खातं

ती. शेठ यांस,

तुमच्यासमोर कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच तराजू पुढे ओढून "बोला, काय देऊ?" असं विचारायचात. आता तुम्ही मला अडवू शकत नाही, म्हणून हे उघड पत्र. ९४ म्हणजे काही अकाली जाणं नव्हे, असं सगळे समजावतात. कळतं हो. तरी बाबांनी त्या दिवशी घोडा बाहेर काढला नाही.

माथेरानला दस्तुरीच्या पुढे मोटार येत नाही. साखरेचं पोतं असो नाहीतर काडेपेट्यांचा खोका, सगळं घोड्याच्या पाठीवरून नाहीतर हातगाडीवरून वर यायचं. बाजारात बाकीचे लोक आधी गोण्या मोजत, तुम्ही आधी घोड्याची पाठ बघायचात. खोगिराखाली कुठे सोलवटलेलं दिसलं की त्या माणसाला भाडं मिळायचं, चहा मिळायचा आणि मग चारचौघांत शिव्याही मिळायच्या. गुळाचा खडा तळहातावर ठेवून बोटं ताठ कशी धरायची, म्हणजे घोडा चावत नाही, हे तुम्ही मला मी गल्ल्याएवढी असताना शिकवलंत. गावातल्या निम्म्या पोरांना तुम्हीच शिकवलं असणार.

पण खरे आभार आहेत ते २०२० सालचे. नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन आदल्या पावसाळ्यातच बंद पडलेली, मार्चमध्ये पर्यटकही थांबले, आणि जूनच्या सुरुवातीला निसर्ग वादळ आलं. रिक्षा बंद ठेवली तर ती पेट्रोल मागत नाही. घोडा उभा असला तरी खातो. ज्यांच्या दारात आमचे घोडे वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांसाठी ताटकळले, त्यांचे फोन लागेनात. एक मंडळी कोंड्याचं एक पोतं घेऊन आली. त्या एका पोत्यासोबत चार-पाच घोडेवाल्यांना उभं करून फोटो काढले, बॅनरही आणला होता. पोतं कुणाच्या घरी गेलं, देव जाणे.

बाबा तुमच्याकडे यायला तयार नव्हते. घरच्या किराण्याची उधारी आधीच थकलेली, त्यात घोड्याची कुठल्या तोंडानं मागायची? निरोप पाठवून तुम्हीच त्यांना बोलावलंत. लाल वही काढलीत, कोरं पान उघडलंत आणि वर नाव घातलंत, 'बादल'. बाबांना म्हणालात, "हे तुझं खातं नाही, त्याचं आहे. कामाला लागला की तो फेडेल. तू मध्ये पडू नकोस."

एवढंच. पण त्या दिवशी बाबा घरी आले ते मान वर करून. कोंडा, वाळलं गवत, थोडा हरभरा, सगळं त्या पानावर चढत गेलं. हरभरा तुम्ही मोजूनच द्यायचात. आई म्हणायची, शेठ हात आखडता घेतात. पण उभ्या घोड्याला चंदी जास्त झाली तर पोटशूळ उठतो, पाय धरतात, आणि घोड्याला उलटी करून मोकळं होता येत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. दान करणाऱ्यांपैकी कितीजणांना ते ठाऊक होतं?

माणसं परत फिरायला यायला लागली तसे बाबा थोडे थोडे पैसे आणून देत गेले, आणि तुम्ही ते घेतलेत. "राहू दे" म्हणाला नाहीत, याचे आभार तर मी वेगळे मानते. शेवटचा हप्ता चुकता झाला तेव्हा पानावर आडवी रेघ मारलीत, खाली 'जमा' लिहिलंत आणि बाहेर येऊन बादललाच गूळ दिलात. बाबांना काही नाही!

ई-रिक्षा आली तेव्हा घोडेवाले चिडले होते, आमचं घरही. माणसानं माणसाला ओढणं थांबतंय ते बरंच आहे, असं तेव्हा त्यांच्यात बसून सांगायची हिंमत तुम्हीच केलीत. घोड्यांवर जीव होता म्हणून हातरिक्षावाल्याचे फुटलेले तळपाय तुम्हाला दिसत नव्हते असं नाही. भला माणूस म्हटलं की मला हेच आठवतं. ज्याचा लळा आहे त्याच्या पलीकडचंही त्याला दिसतं.

दुकानातल्या जुन्या वह्या रद्दीत जाणार असं ऐकलं. थोरल्या भाऊंना त्या वर्षाची तेवढी बाजूला ठेवायला सांगितलंय, ते पान मला हवंय. बाबांच्या चालू खात्यावर चहा-साखरेचे शंभर-दीडशे निघतात, तेही रविवारी येऊन देते.

तुमची,
बादलवाल्यांची पोर